आतड्यातील जंतूंत दीर्घायुष्य शोधणारा शास्त्रज्ञ : इल्या मेच्निकॉव्ह

ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीची साथ उसळली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडात तळ देऊन असलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या फौजेत शिरली आणि थोड्याच दिवसांत हजारो माणसे दगावली. पुढच्या वर्षी जबलपूर व नागपूरमार्गे ती दख्खनेत उतरली आणि १८१८ मध्येच मुंबईला पोहोचली. जबलपूर हे नागपूरकर भोसल्यांच्या हातून डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेले होते. नव्या अमलापाठोपाठ या शहराला पटकीलाही तोंड द्यावे लागले.

या रोगाचे एक कोडे त्या काळापासून वैद्यांना आणि डॉक्टरांना छळत होते. एकाच तळावर राहणाऱ्या, एकाच पाणवठ्याचे पाणी पिणाऱ्या दोघांपैकी एक सकाळी धडधाकट असे आणि सायंकाळपर्यंत दगावे; दुसऱ्याला मात्र काहीच होत नसे. एका गावात घरटी माणूस जाई आणि शेजारचे गाव कोरडे राही. हवा, पाणी, दैव, पापपुण्य अशी अनेक कारणे सांगितली गेली. हे उत्तर खुद्द माणसाच्या आतड्यात आणि तेथे आधीपासून वस्तीला असलेल्या जंतूंत असावे, असे मानून प्रयोगाला हात घालणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव होते इल्या मेच्निकॉव्ह.

आज जबलपूर असो वा नाशिक, टपालाने मागवलेल्या लहानशा संचात विष्ठेचा नमुना घालून पाठवला की आतड्यातील जंतूंचा अहवाल हाती येतो. कोणते जंतू किती, चांगले कोणते, वाईट कोणते आणि त्यावरून काय खावे, असा सल्लाही त्यात असतो. या साऱ्या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास वाट मेच्निकॉव्ह यांच्यापर्यंत जाते. या कल्पनेतील बळ आणि तिच्यातील दुबळेपणा या दोन्ही गोष्टी त्यांच्याच आयुष्यात दिसून येतात.

खारकोवचा चंचल मुलगा

मेच्निकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये रशियन साम्राज्यातील खारकोव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या रक्षक दलातील अधिकारी होते. आई ज्यू वंशाची होती. पाच भावंडांत इल्या हा धाकटा. एका जागी न बसणाऱ्या या मुलाला लहानपणापासून झाडे, किडे आणि डबक्यातील जीव यांचे वेड होते. खारकोव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि १८६४ मध्ये पदवी घेतली.

त्यानंतर जर्मनी आणि इटलीमध्ये राहून त्यांनी समुद्रातील अपृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भवाढीचा अभ्यास केला. नेपल्स येथे अलेक्झांडर कोवालेव्हस्की हे त्यांचे सहकारी होते. विशीतच मेच्निकॉव्ह यांना पीटर्सबर्ग येथे डॉक्टरेट मिळाली आणि १८७० मध्ये ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट पुढे अनेकदा त्यांच्या विरोधात वापरली गेली.

मृत्यूशी झालेली गाठ

त्यांच्या पुढील सर्व संशोधनावर मृत्यूची दाट छाया आहे. १८६९ मध्ये ल्युडमिला फेदोरोविच यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधूला क्षयाने इतके पोखरले होते की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे मेच्निकॉव्ह पत्नीला घेऊन उबदार हवेच्या शोधात फिरत राहिले. एप्रिल १८७३ मध्ये मदेरा बेटावर तिचा मृत्यू झाला. खचलेल्या मेच्निकॉव्ह यांनी मॉर्फिन घेऊन जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. मात्रा फार मोठी झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा यांच्याशी दुसरा विवाह केला. १८८० मध्ये ओल्गा यांना विषमज्वराने गाठले. त्या बऱ्या झाल्या. पण मेच्निकॉव्ह यांचे मन पुन्हा ढासळले. १८८१ मध्ये त्यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो किंवा नाही याची परीक्षा आणि आत्महत्या, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. ते गंभीर आजारी पडले. परंतु याही वेळी वाचले. त्याच वर्षी त्यांचे थोरले बंधू इव्हान वारले. लिओ टॉलस्टॉय यांच्या ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ या कथेला याच इव्हान यांच्या अखेरच्या दिवसांचा आधार आहे.

दोनदा मृत्यूच्या दारातून परत आलेल्या मेच्निकॉव्ह यांच्या स्वभावात यानंतर पालट झाला. निराशावादी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस जगण्याचा कट्टर पुरस्कर्ता बनला. म्हातारपण आणि अकाली मृत्यू हे अटळ भोग नसून त्यांचा अभ्यास आणि त्यांवर इलाज होऊ शकतो, ही धारणा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

मेसिना येथील काटा

झार दुसरा अलेक्झांडर याच्या १८८१ मधील हत्येनंतर रशियातील विद्यापीठांत दडपशाही वाढली. मेच्निकॉव्ह यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि ते कुटुंबासह सिसिली बेटावरील मेसिना येथे जाऊन राहिले. तेथे घरातच त्यांनी प्रयोगशाळा मांडली. एके दिवशी घरातील मंडळी सर्कस पाहावयास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीतील हलत्या पेशी पाहत होते. शरीरात शिरलेल्या उपऱ्या पदार्थावर या पेशी तुटून पडत असाव्यात, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. बागेतील काटे आणून त्यांनी अळीच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला त्यांना दिसला.

या पेशी बाहेरून आलेले जंतू गिळून पचवतात, हा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. भक्षक पेशींची ही कल्पना जर्मनीतील अनेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. रक्तातील द्रवच जंतूंना मारतो, असे त्यांचे मत होते. हा वाद जवळजवळ पंचवीस वर्षे चालला. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह आणि रक्तद्रवाच्या बाजूचे पॉल एर्लिख या दोघांना विभागून देण्यात आले. शरीर दोन्ही मार्गांनी आपले रक्षण करते, हे पुढे सर्वमान्य झाले.

ओडेसा, पॅरिस आणि मुंबई

१८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुशास्त्र केंद्र सुरू झाले आणि मेच्निकॉव्ह त्याचे प्रमुख झाले. पॅरिसबाहेर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस देणाऱ्या पहिल्या केंद्रांपैकी ते एक होते. परंतु स्थानिक डॉक्टर त्यांना मानत नव्हते. काळपुळीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या दगावल्या आणि विरोधकांना निमित्त मिळाले. अखेर १८८८ मध्ये मेच्निकॉव्ह यांनी देश सोडला. पॅरिस येथे नव्याने उभ्या राहिलेल्या संस्थेत लुई पाश्चर यांनी त्यांना प्रयोगशाळा दिली. उरलेली २८ वर्षे त्यांनी तेथेच काढली.

ओडेसा येथील त्यांचे एक विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हेही त्यांच्या मागोमाग पॅरिसला आले. दुसरी जागा नसल्याने १८८९ मध्ये त्यांनी संस्थेच्या ग्रंथालयात काम पत्करले. पटकीवर लस तयार करून जुलै १८९२ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कोलकात्यात दाखल झाले आणि पुढील दोन वर्षांत त्यांनी उत्तर भारतात हजारो लोकांना ती टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर त्यांना तेथे पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली. परळ येथील त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. आपला शोध आधी आपल्याच देहावर पारखावा, ही रीत गुरू आणि शिष्य दोघांनीही पाळली.

पटकीचा घोट

१८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ आली. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कोलकाता येथे या रोगाचा जंतू शोधून काढला होता; परंतु केवळ हा जंतू पोटात गेल्याने रोग होतो, हे सर्वांना पटलेले नव्हते. म्युनिक येथील वयोवृद्ध शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये पटकीचे जंतू प्राशन केले आणि किरकोळ जुलाबांवर त्यांची सुटका झाली.

मेच्निकॉव्ह यांनीही पटकीचे जंतू प्राशन केले. त्यांना काहीच झाले नाही. एका सहकाऱ्याने त्यांचे अनुकरण केले, तोही सुखरूप राहिला. मात्र आणखी एका तरुणाने तसेच केल्यावर तो तीव्र पटकीने मरणाच्या दारात पोहोचला. जंतू तेच असूनही परिणाम मात्र वेगळा होता. जबलपूर-नागपूरच्या वाटेवर साथ पसरली त्या वेळचे जुने कोडे आता प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले होते.

तो तरुण वाचला. परंतु मेच्निकॉव्ह यांनी माणसांवर असे प्रयोग करणे थांबवले. निरोगी माणसांच्या पोटातून मिळवलेले निरनिराळे जंतू त्यांनी काचेच्या बशीत पटकीच्या जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काही जंतूंच्या सान्निध्यात पटकीचा जंतू जोमाने वाढे, तर काहींच्या शेजारी त्याची वाढ खुंटे. माणसाच्या आतड्यात आधीपासून कोणते जंतू राहतात, त्यावर बाहेरून आलेल्या रोगजंतूचे काय होणार हे अवलंबून असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आतड्यात राहणारे जंतू हे केवळ निरुपद्रवी भाडेकरू नसून माणसाच्या आरोग्यात त्यांचा हात असतो, हा विचार यातून रुजला.

ताक, दही आणि दीडशे वर्षांचे स्वप्न

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेच्निकॉव्ह म्हातारपणाच्या अभ्यासाकडे वळले. वार्धक्याच्या शास्त्रीय अभ्यासाला आज रूढ असलेले जेरोन्टॉलॉजी हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिले. मोठ्या आतड्यात अन्नाचे अवशेष साचतात, तेथील काही जंतूंमुळे ते सडतात, त्यातून फिनॉल व इंडोल यांसारखी द्रव्ये तयार होऊन रक्तात मिसळतात आणि शरीर हळूहळू झिजते, अशी त्यांची मांडणी होती. कोणाच्या पोटात किती सडते हे लघवीतील या द्रव्यांच्या मोजणीवरून ताडण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आतड्यातील घडामोडींचा अहवाल मिळवण्याचा हा एक जुना मार्ग म्हणता येईल.

दूध विरजल्यावर सहसा सडत नाही, ही गोष्ट त्यांनी हेरली. विरजणातील जंतू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात सडवणारे जंतू वाढत नाहीत. मग तेच जंतू आतड्यात नेऊन सोडल्यास तेथील सडणेही थांबेल, असा तर्क त्यांनी केला. त्यांच्याच संस्थेतील आंरी तिसिये यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेतून बिफिडस जातीचे जंतू वेगळे काढले होते. बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण डॉक्टरांनी १९०५ मध्ये तेथील दह्यातील जंतू शोधला. बल्गेरियातील शेतकऱ्यांमध्ये शंभरी ओलांडलेली माणसे पुष्कळ आढळतात, असे अहवाल मेच्निकॉव्ह यांच्या वाचनात आले होते. दही आणि दीर्घायुष्य यांची सांगड त्यांनी घातली.

ते स्वतः अनेक वर्षे नेमाने आंबवलेले दूध घेत. मद्य त्यांनी वर्ज्य केले होते आणि न शिजवलेले अन्नही ते टाळत. जून १९०४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिले आणि त्याचा गाजावाजा युरोप-अमेरिकेतील वृत्तपत्रांनी केला. माणसाचे नैसर्गिक आयुष्य दीडशे वर्षांचे असू शकते, हे त्यांचे मत घरोघरी पोहोचले. पाठोपाठ आंबट दूध, त्याच्या गोळ्या आणि चूर्णे यांचा बाजार उभा राहिला.

भारतीय घरांत दही-ताकाची महती नवी नव्हती. जेवणाच्या शेवटी ताक, पोट बिघडल्यास दहीभात, ही रीत शतकांपासून चालत आलेली आहे. मेच्निकॉव्ह यांनी या अनुभवामागे जंतूंचे कारण उभे केले. मात्र विरजणाने पोट निवते या अनुभवापासून विरजणाने म्हातारपण टळते या दाव्यापर्यंतचे अंतर फार मोठे होते आणि ते पार करण्याइतका पुरावा त्यांच्याजवळ नव्हता.

नाव आणि बाजार

आंबट दूध हे अमृत नव्हे, असा खुलासा मेच्निकॉव्ह यांना करावा लागला. तोपर्यंत बाजार त्यांच्या ताब्यातून निसटला होता. जंतूयुक्त दूध बनवणाऱ्या पॅरिसमधील एका कंपनीला त्यांनी आपले नाव वापरण्याची परवानगी दिली होती. त्यातून त्यांनी पैसा घेतला नाही. तरीही शास्त्रज्ञ दुकानदार झाल्याची टीका त्यांच्यावर झाली. शुद्ध जंतू कोणाच्या मालात आहेत हे लोकांना कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

याहून गंभीर परिणाम शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात झाला. मोठे आतडे माणसाला फारसे उपयोगाचे नाही, असे मेच्निकॉव्ह यांनी मांडले होते. आतड्यातील विषाने शरीर बिघडते, हा विचार त्या काळी अनेक डॉक्टरांना पटला होता. लंडन येथील नामवंत शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठ असलेल्या रुग्णांचे मोठे आतडे कापून काढण्यास सुरुवात केली. काही रुग्ण त्यात दगावले. प्रथम महायुद्धानंतर ही शस्त्रक्रिया आणि तिच्यामागचा सिद्धान्त दोन्ही मागे पडले.

अखेरची वर्षे

१९०९ मध्ये नोबेल व्याख्यानासाठी स्टॉकहोमला जाऊन आल्यावर मेच्निकॉव्ह रशियात गेले आणि यास्नाया पोल्याना येथे त्यांनी टॉलस्टॉय यांची भेट घेतली. १९११ मध्ये ते क्षयाच्या अभ्यासासाठी काल्मिक लोकांच्या गवताळ प्रदेशात गेले. क्षयाने पहिली पत्नी गमावलेल्या या माणसाने तो विषय कधीच मनाआड केला नव्हता.

१९१३ पासून हृदयाचे दुखणे सुरू झाले. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. संस्थेतील तरुण साहाय्यक आघाडीवर गेले, प्रयोगाचे प्राणी मारावे लागले, प्रयोगशाळा ओस पडल्या. माणसाचे आयुष्य वाढवण्यासाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञाला लाखो तरुणांचा संहार पाहावा लागला. आजार बळावल्यावर त्यांना पाश्चर संस्थेतील, पूर्वी खुद्द पाश्चर राहत असत त्या घरात आणून ठेवण्यात आले. आपल्या शवाची, विशेषतः आतड्याची तपासणी करावी, अशी सूचना त्यांनी सहकाऱ्याला देऊन ठेवली होती. १५ जुलै १९१६ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दीडशे वर्षांची भाषा करणारा माणूस एकाहत्तरीत गेला, याचा टीकाकारांनी साहजिकच उपयोग केला. मेच्निकॉव्ह यांना ही शंका आधीच आली होती. आपण हा आहार उतारवयात सुरू केला आणि घराण्याचा विचार करता आपण पुष्कळ जगलो, असा हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता. परंतु एका माणसाच्या आयुष्यावरून कोणताच सिद्धान्त खरा वा खोटा ठरत नाही, हे शास्त्राचे साधे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू होते.

काय टिकले, काय गळाले

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की बल्गेरियातील दह्याचा जंतू माणसाच्या आतड्यात वस्ती करीत नाही. खाणे थांबवले की तो दिसेनासा होतो. मोठे आतडे निरुपयोगी असल्याचा समजही चुकीचा ठरला. तेथील जंतू तंतुमय पदार्थांपासून अशी आम्ले तयार करतात की त्यांवर आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण होते. काही जीवनसत्त्वेही हे जंतू बनवतात.

मूळ प्रश्न मात्र जिवंत राहिला. जपानमधील मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये आतड्यात तग धरणारा जंतू निवडून काढला आणि १९३५ पासून त्याचे पेय बाजारात आले. अमेरिकेत २००७ मध्ये मानवी देहातील जंतूंच्या अभ्यासाचा मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात.

पटकीच्या कोड्यावरही प्रकाश पडला. कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. बांगलादेशातील रुग्णांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात संशोधन प्रसिद्ध झाले. आतड्यात राहणारी एक विशिष्ट जात पटकीच्या जंतूला आवर घालते, असे त्यात दिसून आले. मेच्निकॉव्ह यांनी काचेच्या बशीत जे पाहिले, त्याला सुमारे १२० वर्षांनी असा दुजोरा मिळाला.

घरपोच संच आणि जुना धडा

घरी वापरण्याच्या संचात कापसाची काडी आणि नमुना टिकवणाऱ्या द्रवाची नळी असते. विष्ठेचा अगदी थोडा अंश प्रयोगशाळेत गेल्यावर त्यातील जंतूंचे डीएनए वेगळे काढले जाते. बहुतेक ठिकाणी सर्व जिवाणूंमध्ये आढळणाऱ्या एका जनुकाचा क्रम वाचून, त्यावरून कोणत्या गटाचे जंतू किती प्रमाणात आहेत हे ठरवले जाते. मेच्निकॉव्ह यांना केवळ बशीत वाढणारेच जंतू दिसत. या पद्धतीने न वाढणाऱ्या जंतूंचीही नोंद होते. संशोधनासाठी ही मोठी सोय आहे.

तथापि यादी मिळणे आणि रोगाचे निदान होणे यांत फरक आहे. निरोगी आतड्यात नेमके कोणते जंतू किती असावेत, याचे सर्वमान्य प्रमाण अद्याप ठरलेले नाही. आहार, प्रतिजैविके, प्रवास, जुलाब यांमुळे प्रमाण बदलते. एकच नमुना दोन प्रयोगशाळांत दिल्यास अहवाल वेगळे येऊ शकतात. विष्ठेतील जंतूंवरून लहान आतड्यातील स्थिती पूर्णपणे कळत नाही. शिवाय तुलनेसाठी वापरली जाणारी माहिती पुष्कळशी पाश्चात्त्य देशांतील आहे. डाळ, भात, भाकरी, भाज्या यांवर पोसलेल्या भारतीय माणसाच्या आतड्यात प्रेव्होटेला या गटाचे जंतू बरेचदा अधिक आढळतात. परदेशी मोजपट्टी लावल्यास त्याचा अहवाल विनाकारण वावगा दिसू शकतो.

अमेरिकेत २०१२ मध्ये स्थापन झालेल्या युबायोम या कंपनीने अशा संचांचा मोठा व्यापार उभारला होता. विमा कंपन्यांकडून गैरमार्गाने पैसे उकळल्याच्या संशयावरून २०१९ मध्ये तिच्यावर छापा पडला, त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली आणि २०२१ मध्ये संस्थापकांवर आरोप ठेवण्यात आले. पुढे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट’च्या पोटविकारविषयक नियतकालिकात निवेदन प्रसिद्ध केले. या चाचण्या नेहमीच्या उपचारात वापरण्यास पुरावा अपुरा असून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या करून घेऊ नयेत, असा त्याचा आशय होता. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, दीर्घकाळ जुलाब होणे अशी लक्षणे असल्यास संचाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाणेच इष्ट.

आतड्यातील जंतूंवर प्रत्यक्ष उपचार म्हणून गुण आल्याची उदाहरणे आहेत. पण ती ठरावीक रोगांपुरती. प्रतिजैविकांनंतर पुनःपुन्हा होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूच्या जुलाबावर निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपाय नेदरलँड्समधील चाचणीत नेहमीच्या औषधापेक्षा सरस ठरला. ही चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एक रोग, एक उपाय, तुलनेसाठी दुसरा गट आणि मोजलेला परिणाम, अशा वाटेने आलेले हे ज्ञान आहे. दह्याच्या दाव्यांबाबत मेच्निकॉव्ह यांच्याकडे नेमकी हीच वाट नव्हती.

मेच्निकॉव्ह यांच्या अस्थी पॅरिस येथील पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात जतन केल्या आहेत. त्यांच्या भक्षक पेशींचा अभ्यास आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी करतो. आतड्यातील कोणता जंतू कोणाला तारतो आणि कोणाला मारतो, या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत अजूनही काम चालू आहे.